पाव्हण्याचा मका

कोंबड्यांना नवी पिसं येण्याचे दिवस आले आहेत. पंचांग न पाहता मला ते कळतं. दसऱ्याच्या मागेपुढे अंगणाच्या केरात पिसं जास्त दिसू लागतात, कोंबड्या ओशाळल्यासारख्या कुडाच्या कडेकडेनं फिरतात, आणि मग कोरडी थंडी पडली की त्यांच्या मानेवर नव्या पिसांच्या टोकदार नळ्या उभ्या राहतात. यंदा केर काढायला आक्का नाही. पोळ्याच्या आठवड्यात ती गेली. आता सून अंगण झाडते, आणि पिसं केराबरोबर उकिरड्यावर जातात. आक्का प्रत्येक पीस उचलून उन्हाकडे धरायची. डोळे बारीक करून दोन्ही बाजूंनी बघायची, मगच टाकायची. जन्मभराची ती सवय तिला एका हिवाळ्याने लावली होती.

परवा मीही एक पीस उचललं. पांढरं होतं. उन्हाकडे धरल्यावर हात थांबला. आपण नेमकं काय शोधतो आहोत, हे माझ्या ध्यानात आलं, आणि मी ते खिशात ठेवलं. ते टाकलं नाही, कोणाला दाखवलंही नाही. खिशात ठेवल्यावर आजूबाजूला कोणी बघत नाही ना, तेवढं मात्र पाहून घेतलं. त्या हिवाळ्यात आमच्या घरातलं प्रत्येक माणूस असंच वागत होतं.

लढाई संपली होती, पण रेशन संपलं नव्हतं. नगर जिल्ह्यात, बेलापूरच्या अलीकडे, कालव्याकाठच्या गावात मी मिशनच्या शाळेत मास्तर होतो. घरात आई, मी, माझी बायको कृपा आणि आक्का. आक्का माझी बहीण, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. तिचा नवरा तापाने गेला, मूलबाळ नव्हतं, सासरच्यांनी पहिल्या नाताळाला तिला माहेरी पोचवलं आणि परत न्यायला कोणी आलं नाही. दोन खोल्यांचं घर. आक्का भिंतीच्या बाजूला, अंग चोरून झोपायची. जेवताना सगळ्यांची पानं वाढून झाली की पातेल्यात डोकावायची, आणि मग आपल्याला किती भूक आहे ते ठरवायची. मी हे पाहत होतो. बोलत नव्हतो. आमच्या घरात न बोलण्याची रीतच होती.

रेशनच्या दुकानात त्या वर्षी ज्वारीऐवजी मका मिळायचा, परदेशातून आलेला, पिवळाधमक, दगडासारखा. त्याची भाकरी थापताना तुटायची, खाताना घशात अडकायची. आई म्हणायची, "ह्यो मका न्हाई, ह्ये गोऱ्या सायबाचं दात हायेत." गावात तो कोणालाच आवडत नव्हता, आणि प्रत्येकाच्या घरात होता. ही गोष्ट आधी सांगून ठेवतो, कारण पुढे जो संशय आला तो सगळ्यांवर आला, आणि सगळ्यांच्या घरात त्याला पुरावा होता.

मिशनच्या मडमबाईंनी आदल्या हिवाळ्यात गावोगावच्या बायांना विलायती कोंबडीची अंडी वाटली होती. आक्काने आपली अंडी एका खुडूक गावठी कोंबडीखाली बसवली. त्यातून जे जगलं त्यात हा एक कोंबडा निघाला. लेगहॉर्न जातीचा. पांढरा, पाय पिवळे, तुरा पाच दातांचा आणि लालभडक, कानाची पाळी चुन्यासारखी पांढरी. गावठी कोंबड्यांत तो असा दिसायचा की जणू लग्नाच्या मांडवात चुकून शिरलेला कोणी मोठा माणूस. आईने त्याला पाहून विचारलं, "ह्यो पाव्हना कुठला?" तेच त्याचं नाव पडलं. पाव्हणा.

नाताळाच्या आधी नगरला कोंबड्यांचं प्रदर्शन भरणार होतं. मडमबाई गावात आल्या तेव्हा त्यांनी सांगितलं, की मिशनतर्फे नगरला मोठं कोंबडीघर निघणार आहे. त्याची देखरेख करायला बाई हवी. खेड्यातल्या ज्या बाईचा पक्षी पहिला येईल, तिलाच ते काम मिळेल, कारण पक्षी कसा सांभाळला ते पिसांवरून दिसतं, शिफारशीवरून दिसत नाही. कोंबडीघराला लागून राहायला खोली होती. आक्काने पगार किती ते विचारलं नाही. तिने विचारलं, "खोलीत चूल हाय का?" मडमबाई म्हणाल्या, आहे. "धूर कुठनं जातो?" मडमबाईंना ते सांगता येईना. त्या हसल्या. आक्का हसली नाही. त्या दिवसापासून आक्का त्या न पाहिलेल्या चुलीसमोर बसलेली आहे, असं मला सारखं वाटायचं.

पाव्हण्याचं खाणं आमच्या खाण्याहून निराळं झालं. ज्वारीचा भरडा, गव्हाचा कोंडा, आंबट ताकात कालवलेला. पिसांना चकाकी यावी म्हणून चिमूटभर जवस. नदीकाठचे शिंपले कुटून. लसूणघास अगदी थोडा. आणि मका अजिबात नाही. मडमबाईंनी हे तीनदा बजावलं होतं. पांढऱ्या पक्ष्याला नवी पिसं फुटत असताना पिवळा मका पोटात गेला तर तो पिवळेपणा पिसात उतरतो. लोण्यासारखी झाक येते. ती धुऊन जात नाही, घासून जात नाही. पुढच्या वर्षी पिसं झडेपर्यंत ती तशीच राहते.

आईला हे पटलं नाही. धान्याचा रंग पिसात उतरतो, तर कोळशासारख्या काळ्या कोंबड्या काय खातात, असा तिचा सवाल होता. शिवाय, "आमच्या लेकरांना कदी जवस दिलं न्हाई, आन् कोंबड्याला जवस." कृपा म्हणायची, "वन्सं, हा पाहुणा जावयापेक्षा भारी आहे." कृपाला तेव्हा दिवस गेले होते, पहिलंच. तिला आई नव्हती. तिला ताकाचा वास सहन व्हायचा नाही, आणि घरात ताक होतं ते कोंबड्यासाठी. ती थट्टा करायची, पण थट्टेच्या शेवटी तिचा आवाज बारीक व्हायचा. मी तो ऐकायचो आणि त्याचा अर्थ लावायचो. आक्का गेली तर बरं, असा तो अर्थ मी त्या वेळी लावला. आज तसा लावीन की नाही, सांगता येत नाही.

शेजारी दाविदमामा. आमच्या आणि त्यांच्या अंगणात तुराट्यांचा कूड. तेही आमच्यासारखेच ख्रिस्ती, सुतारकाम करायचे. त्यांच्या बायकोनेही अंडी घेतली होती, त्यांचाही एक पांढरा कोंबडा होता, पण त्याचा तुरा एका बाजूला पडलेला. दाविदमामा कुडावरून रोज आमच्या कोंबड्याची चौकशी करायचे, आजारी माणसाची करावी तशी, हलक्या आवाजात. "काय म्हनतोय पाव्हना? खातोय का नीट?" आक्का म्हणायची, "खातोय. तुमचा मान वर करतोय का?" ते हसून आत जायचे. ते आत गेल्यावर आक्का कुडाच्या बुडाशी जाऊन जमिनीवर काही पडलंय का ते बघायची.

कारण पाव्हण्याच्या गळ्याखाली मका लागला होता.

रोज तिन्हीसांजेला कोंबडा खुराड्यात घालण्यापूर्वी आक्का त्याला काखेत घ्यायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी त्याच्या गळ्याखालची, दाणे साठवायची पिशवी चाचपायची. ती भरली आहे की नाही, घट्ट आहे की मऊ, हे कळण्यासाठी. तिची बोटं इतकी सरावली होती की ज्वारी किती आणि कोंडा किती ते ती कातडीवरून सांगायची. आश्विन संपत आला होता, पाव्हण्याच्या पाठीवर नव्या नळ्या नुकत्या फुटत होत्या, आतून रक्ताने निळसर दिसणाऱ्या. त्या संध्याकाळी तिची बोटं एका जागी थांबली. तिने माझा हात धरून तिथे लावला. पातळ, गरम कातडीच्या आत चपटे, कोनदार दाणे. पाच-सहा असतील. एकमेकांवर घासत होते.

तिने कूड पाहिला, मग आमच्या घराचं दार पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला तेव्हा साधं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून पाव्हणा मोकळा सुटला नाही. माळवदाच्या सावलीत तिने त्याला मोठ्या डालग्याखाली ठेवलं. उन्हानेही पांढरा रंग भाजतो, म्हणून सावली. डालग्यावर दगड. तरी चार दिवसांनी पुन्हा मका. आठवड्याने पुन्हा. कधी दोन दाणे, कधी मूठभर. आक्का घरातल्या मक्याचं पोतं रोज उघडून बघायची. आतल्या दाण्यांवर तिने बोटाने खूण काढून ठेवली होती, मातीत काढावी तशी. खूण मोडलेली नव्हती. म्हणजे मका आमच्या पोत्यातला नाही. म्हणजे कुडापलीकडचा. दोन दिवस ती दाविदमामांशी बोलली नाही, त्यांच्या बायकोने मीठ मागितलं तर ते कुडावरून न देता वळसा घालून दारात नेऊन दिलं, आणि येताना त्यांच्या अंगणात काय सांडलंय ते पाहून आली. तिथे मका सांडलेला होताच. मका गावभर सांडलेला होता.

माझंही मन त्या दिवसांत नासलं. वर्गात मुलं पाढे म्हणत असायची आणि मी खिडकीतून रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या मुठी बघायचो. कोणाची मूठ मिटलेली आहे, कोणाची उघडी. माणूस चालताना मूठ का मिटतो? थंडी असेल. पैसे असतील. काहीच नसेल. रात्री जेवताना मी आईच्या बोटांकडे बघायचो, कृपाच्या पदराच्या गाठीकडे बघायचो. संशयाला खायला फार लागत नाही. तोही रोजच्या दोन दाण्यांवर पोसतो आणि त्याला पिसं फुटतात.

मग मला मडकं आठवलं. आमच्या ख्रिस्ती घरांत एक रीत आहे. स्वयंपाकाला धान्य काढताना बाईने प्रत्येक वेळी एक मूठ बाजूला काढायची आणि देवाच्या मडक्यात टाकायची. रविवारी ते मडकं चर्चमध्ये नेऊन रिकामं करायचं. गरिबातल्या गरीब घरातही दाराशी असं मडकं असायचं. त्या वर्षी लोक देवालाही मकाच द्यायचे, ज्वारी स्वतःला ठेवायचे. पाद्रीसाहेब एकदा उपदेशात म्हणाले होते, की परमेश्वराला दात नाहीत असं तुम्ही धरून चाललेले दिसता. सगळी मंडळी खाली बघून हसली, आणि पुढच्या रविवारी पुन्हा मकाच आला. देवाच्या मडक्यात कोणी खूण काढत नाही. त्यात किती आहे ते कोणी बघत नाही, बघू नये अशीच शिकवण. आमचं मडकं दाराच्या आत, कोपऱ्यात होतं. दारातून पाव्हण्याचं डालगं दोन पावलांवर.

हे मी आक्काला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मका घरातला ठरला असता. पण तिला ते माझ्याआधीच कळलं असावं. एका रविवारी मी नेहमीप्रमाणे मडकं उचलून चर्चला निघालो. डालग्याजवळून जाताना पाव्हणा आतून माझ्या दिशेने मान काढून ओळखीचा आवाज करू लागला, खाणं देणाऱ्याला पाहून कोंबडा करतो तसा. मी थांबलो. आक्का दारात उभी होती. मी म्हणालो, "मडक्याला ओळखतो हा." ती म्हणाली, "व्हय. मडक्याला." एवढंच.

त्याच आठवड्यात दाविदमामांनी मला कालव्यावर गाठलं. मी त्यांना टाळत होतो, ते त्यांनी ओळखलं होतं. बिडी विझवून म्हणाले, "मास्तर, आमच्यावर डोळं ठिवून काय उपेग न्हाई. आमचा कोंबडा वाकड्या तुऱ्याचा, त्यो काय जिंकतोय. मका तुमच्याच दारातनं पडतोय."

"कोणी पाहिलं?"

"म्या. कुडातनं. दोनदा."

"कोण होतं?"

त्यांनी पाण्याकडे पाहिलं. "लुगडं दिसलं. तोंड न्हाई दिसलं. आन् दिसलं आसतं तरी म्या कशाला सांगू? मला ह्याच कुडाला टेकून ऱ्हायाचंय."

घरात लुगडी नेसणाऱ्या तिघी होत्या. एक स्वतः आक्का. उरल्या दोघी. मी घरी आलो तेव्हा आई आणि कृपा एकाच सुपात ज्वारी निवडत बसल्या होत्या, गुडघ्याला गुडघा लावून. दोघींनी एकदमच वर पाहिलं. मला पाणी हवं का, असं दोघींनी एकदमच विचारलं.

आईचं कारण मला ठाऊक होतं. तरुण विधवा बाई शहरात एकटी राहणार, ही कल्पनाच तिला सोसवत नव्हती. ती आक्काला कधी जाऊ नको म्हणाली नाही. ती फक्त नगरच्या बातम्या सांगायची. तिथे पाण्याला किती लांब जावं लागतं, तिथे शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही, तिथे कोणाची तरी मुलगी कशी बिघडली. आणि वर म्हणायची, "पाव्हन्याला उपाशी ठिवू नये. पाव्हन्यासाठी पानातला घास काढायचा आसतो." हे ती कोंबड्याबद्दल म्हणायची की मुलीबद्दल, हे तिलाही सांगता आलं नसतं. कृपाचं कारण मी उलटसुलट करून पाहिलं. तिला आक्का जायला हवी असेल, तर कोंबडा जिंकायला हवा, मग ती मका का घालील? पण मका घातला की पक्षी भरतो, असं गावात सगळेच मानतात. जिंकावा म्हणूनही तिने घातला असेल. आणि तिला आक्का राहायला हवी असेल, बाळंतपणाची भीती वाटत असेल, तर? दाणा तोच. तो कोणत्या इच्छेने टाकला, हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं.

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी पाव्हण्याला न्हाऊ घातलं. तीन पातेली. एकात कोमट पाणी आणि साबणाचा फेस, दुसऱ्यात नुसतं पाणी, तिसऱ्यात निळीची नखभर पूड, धोतराला देतात तशी. आक्का पाण्यात त्याला एका हाताने तोलून धरायची आणि दुसऱ्या हाताने पिसं मुळाकडून टोकाकडे चोळायची, उलटी कधीच नाही. पहिल्या पाण्यात तो घाबरला, दुसऱ्यात त्याने डोळे मिटले, तिसऱ्यात झोपला. ओला कोंबडा किती लहान असतो, ते मला त्या दिवशी कळलं. आत एवढंसंच असतं सगळं. मग बाभळीच्या निखाऱ्यांजवळ, धूर लागू नये अशा बेताने, त्याला डालग्याखाली वाळवलं. आई अंतर ठेवून बसली होती. कृपा पंख्याने निखारे फुलवत होती. मी दोघींच्या चेहऱ्यांवरचा उजेड बघत होतो. काही दिसलं नाही. निखाऱ्यांच्या उजेडात सगळेच चेहरे चांगले दिसतात.

वाळल्यावर पिसं फुलून तो दुप्पट झाला. आक्काने तुऱ्याला आणि पायांना खोबरेल लावलं, नखांतला मळ काडीने काढला. मग त्याला उचलून दाराबाहेर उन्हात नेलं. पाठीवर, मानेच्या झालरीवर, आणि शेपटीच्या वळलेल्या पिसांवर एक मंद झाक होती. कोणी म्हणालं असतं की उन्हाची आहे. आक्का ऊन सोडून सावलीत आली. झाक सोबत आली.

"बघ की रं सुमंता," ती म्हणाली. "तुला दिसतंय?"

मी म्हणालो, "तू जास्त बघतेस म्हणून दिसतंय."

बेलापूर स्टेशनावरून आम्ही गाडीने नगरला गेलो, पाव्हणा आक्काच्या मांडीवरच्या पाटीत, वरून माझं स्वच्छ उपरणं. मैदानावर कनाती, रांगेने पिंजरे, शेकडो गळ्यांचा एकच गोंधळ आणि कोंड्याचा, चुन्याचा वास. पाव्हणा पिंजऱ्यात असा उभा राहिला की येणारे-जाणारे थबकत. आक्काने महिनाभर त्याला काडीने हळू टोचून उभं राहायला शिकवलं होतं, मी घरात आलो की म्हणायची, "हुबा ऱ्हा नीट. मास्तर आलं." पुण्याहून आलेले परीक्षक खाकी कोट घातलेले, मितभाषी गृहस्थ होते. त्यांनी पाव्हण्याला हातात घेतलं, छातीचं हाड चाचपलं, पंख पंख्यासारखा उघडला, कानाची पाळी अंगठ्याने दाबली, आणि मान हलवली. दोन्ही बाजूंच्या रांगांत त्याच्या तोडीचा पक्षी नव्हता. हे मी भावाच्या मायेने म्हणत नाही. परीक्षकांनीच ते म्हटलं. मग ते त्याला कनातीबाहेर उजेडात घेऊन गेले आणि पाठीवरची पिसं बोटाने उलटून पाहिली.

परत आले ते आक्कासमोर थांबले. "बाई, पक्षी उत्तम आहे. बांधा उत्तम, राखलाय उत्तम. पण याला मका घातला ना?"

मडमबाई त्यांच्या मागे उभ्या होत्या. मी तोंड उघडलं. आम्ही घातला नाही, कोणीतरी चोरून घालत होतं, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. आक्काने माझ्याकडे न बघता हात आडवा केला.

"व्हय जी," ती म्हणाली. "घातला."

मडमबाईंनी मान खाली घातली. पहिला नंबर अकोले तालुक्याच्या डोंगरातून आलेल्या एका बाईंना गेला. त्यांचा कोंबडा लहान होता, पण चुन्यासारखा पांढरा. त्या बाई आनंदाने रडत होत्या, आणि त्यांच्या डोक्यावरून कोणीतरी त्यांना त्यांच्या खोलीविषयी सांगत होतं. आक्काने त्यांच्या जवळ जाऊन सांगितलं, की धूर कुठून जातो ते बघून घ्या.

गाडीत मी विचारलं, तू का कबूल झालीस? ती पाटीवरचं उपरणं नीट करत होती. म्हणाली, "घरचं घरात."

नाताळाला पाव्हणा कापावा असं आईने सुचवलं. आक्काने गावठी कोंबडा कापला. फेब्रुवारीत आमचा मुलगा झाला. कृपाला तिसऱ्या दिवशी ताप भरला आणि तो बरेच दिवस उतरला नाही. मुलाला आक्काने वाढवलं. पुढे दोन मुलींनाही. तिच्यासाठी आम्ही कधी वेगळी चूल मांडली नाही, आणि तिने कधी मागितली नाही. कृपाच्या घरात ती हळूहळू अशी रुजली की नवीन माणसाला तीच घरची मालकीण वाटायची. ती भिंतीच्या बाजूला मात्र तशीच झोपायची.

आणि एक गोष्ट. पुढच्या दसऱ्याला पाव्हण्याची पिसं झडली, नवी आली. तो दुधासारखा पांढरा निघाला. उन्हात धरा, सावलीत धरा, कुठेही झाक नाही. देवाचं मडकं तिथेच होतं, मका अजून रेशनवर मिळत होता, डालग्यावर दगडही नव्हता. त्या वर्षी कोणीही त्याला एक दाणा टाकला नाही. नगरची खोली तेव्हा भरलेली होती. मी पाव्हण्याकडे बघायचो आणि मला त्या पांढऱ्या रंगाची भीती वाटायची. दोष दाखवणारा डाग लोक पाहतात. डाग नसण्यानेही काही सिद्ध होतं, हे मी कोणाला सांगणार होतो?

आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली. शेवटच्या आजारात ती काही बोलेल म्हणून मी उशाशी बसून असायचो. ती पाणी मागायची आणि आक्काला हाक मारायची. कृपाला मी कधी विचारलं नाही. ती आता म्हातारी झाली आहे, आणि मी तिच्या हाताकडे बघणं सोडलेलं नाही. सकाळी ती अंगणात चिमण्यांना दाणे टाकते. टाकण्यापूर्वी एकदा मागे वळून बघते. सगळेच बघत असतील.

यंदा श्रावणात सुनेने मक्याची कणसं उकडली. आक्का तेव्हा ओट्यावर ऊन खात बसलेली असायची. पायांवर सूज होती, पण डोकं स्वच्छ होतं. दात नव्हते, म्हणून मी कणसाचे दाणे सोडवून तिच्या ओंजळीत घालत होतो. ती एकेक दाणा तोंडात धरायची, चोखायची, पुन्हा बाहेर काढून बघायची. मऊ, फिकट पिवळे दाणे. बघता बघता तिला हसू आलं. ती सहसा हसत नसे, म्हणून मी दाणे सोडवायचा थांबलो.

"सुमंता," ती म्हणाली, "म्या तुला कदी बोलले न्हाई."

"काय?"

"पाव्हन्याला मका तू टाकायचास. मला ठावं हुतं. मडकं तूच न्यायचास, आन् त्यो तुला बघून मान काढायचा."

मी पुन्हा कणीस हातात घेतलं.

"आदी लई राग आला हुता. मग गाडीत बसल्यावर मनात आलं, आपला भाऊ. त्येला आपन जायला नको हुतं. कुनाला तरी आपन जायला नको हुतं." तिने ओंजळ माझ्याकडे केली, आणखी दाणे घाल म्हणून. "त्या एका मक्यावर म्या सगळं निभावलं बघ."

मी तिला जिंकलेली पाहायला निघालो होतो. त्या खोलीतल्या चुलीचा धूर कुठून जाईल, याची चिंता मीही केली होती. तिच्या जाण्यासाठी जितका मी झटलो, तितकं त्या घरात दुसरं कोणी झटलं नव्हतं, आणि तिने माझ्या खात्यावर जमा केलं होतं ते कोणा दुसऱ्याचं होतं. दाराच्या आत कृपा भांडी लावत होती. भांड्यांचा आवाज थांबलेला होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी दाराकडे पाहिलं नाही.

आक्का वाट बघत होती. तिच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. आमच्या घरात असा चेहरा मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता.

"व्हय आक्का," मी म्हणालो. "घातला."

तिने समाधानाने मान हलवली, आणि दाणा तोंडात टाकला.